कानाला एक, कागदावर दुसरेच



अक्षरे जुळवून शब्द वाचायला तुम्ही शिकलात. सही करायला शिकलात. आता शाईत अंगठा बुडवावा लागत नाही. ही मोठी गोष्ट झाली. पण वाचता आले म्हणजे कळलेच, असे नाही. काही शब्द कानाला सारखे लागतात. कागदावरही सारखेच दिसतात. अर्थ मात्र दोन असतात, तीन असतात, कधी पाचही असतात. अशा शब्दांची ओळख आज आपण करून घेऊ.

ही गोष्ट तुम्हाला अगदी नवी नाही. आपल्या मराठीतच पाहा. 'पाट' हा शब्द घ्या.

"पाहुण्याला बसायला पाट द्या."

"पाटाला पाणी आले."

"तिने पाट लावला."

शब्द एकच आहे. पण पाहुण्याला कोणी पाण्याच्या पाटात नेऊन बसवत नाही. येथे आपली चूक का होत नाही? कारण आपण एकटा शब्द ऐकत नाही. त्याच्या शेजारचा शब्दही ऐकतो. 'बसायला' म्हटले की लाकडाचा पाट. 'पाणी' म्हटले की शेताचा पाट. 'लावला' म्हटले की दुसरे लग्न. माणसाची ओळख सोबत्यावरून पटते. शब्दाचेही तसेच आहे.

मराठीत हे आपोआप जमते. इंग्रजी शब्द आला की आपण अडतो. मग जो अर्थ ओळखीचा असेल तोच धरतो आणि मान हलवतो. घरात मान हलवली तर फार बिघडत नाही. पण कचेरीत, दवाखान्यात, लिलावाच्या वेळी मान हलवली आणि खाली सही केली, तर जमीन अडकते, जंगल अडकते, पैसा अडकतो.

रानात इंग्रजी शब्द आले कसे?

नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केले. पुढे १८६१ साली मध्य प्रांत केला. त्यात आपला चांदा जिल्हा आला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांद्यातच होता. तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आलापल्लीकडच्या सागवानावर सरकारचा डोळा होता. जंगलखाते आले. खात्याबरोबर शब्द आले. रेंज, बीट, कूप, डेपो, पास.

राज्य गेले, शब्द राहिले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. राजभाषेचा कायदा १९६४ चा. त्या कायद्याने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. मराठी नावे आली. रेंजरला 'वनक्षेत्रपाल' म्हणू लागले. गार्डला 'वनरक्षक' म्हणू लागले. पण कागदावर वनक्षेत्रपाल, तोंडात मात्र रेंजरच!

हे शब्द तुम्ही रोज बोलता. तरी त्यांच्या जोड्या पाहा.

'रेंज' म्हणजे जंगलाचा एक भाग, एका वनक्षेत्रपालाच्या ताब्यातला. आणि मोबाइलला 'रेंज नाही' म्हणतो ती रेंज वेगळी.

'बीट' म्हणजे एका वनरक्षकाने सांभाळायचे जंगल. आणि बाजारात मिळते ते लाल कंद, तेही बीट.

'कूप' म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा. आणि मराठीत कूप म्हणजे विहीर.

'पेन' म्हणजे लिहायची लेखणी. इंग्रजीत दुखण्यालाही आपल्या कानाला 'पेन'च ऐकू येते. म्हणून 'पेनकिलर' ही दुखण्यावरची गोळी. तिचा लेखणीशी संबंध नाही. आणि आपल्या गोंड भावाबहिणींना विचाराल तर ते सांगतील, पेन म्हणजे देव! एका आवाजात लेखणी, दुखणे आणि देव. म्हणून म्हणतो, नुसत्या कानावर विसंबू नका.

हे झाले साधे शब्द. यात घोटाळा झाला तर हसू येते. आता ज्यात रडू येते ते शब्द घेऊ.

एक 'मायनर', अर्थ पाच

'मायनर' हा शब्द नीट ध्यानात ठेवा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो पाच ठिकाणी भेटतो.

पहिला मायनर घरात. ज्याला अठरा वर्षे पुरी झाली नाहीत तो मुलगा किंवा मुलगी 'मायनर'. कायद्याच्या मराठीत त्याला 'अज्ञान' म्हणतात. सातबाऱ्यावर कधी 'अ.पा.क.' अशी अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ 'अज्ञान पालनकर्ता'. म्हणजे जमीन लहान मुलाच्या नावाची आहे आणि मोठे माणूस तिचा सांभाळ करते. येथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, बरे का! अज्ञान म्हणजे वयाने लहान. मूल अठरा वर्षांचे झाले की ही नोंद काढून घ्यावी लागते.

दुसरा मायनर शेतात. मोठ्या कालव्यातून फुटलेल्या लहान कालव्याला पाटबंधाऱ्याची माणसे 'मायनर' म्हणतात. "मायनरला पाणी सोडले" म्हणजे लहान कालव्याला पाणी सोडले.

तिसरा मायनर रानात. 'मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस'. मराठीत 'गौण वनोपज'. तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू, मध, मेण, लाख, टसरचे कोसे, औषधी मुळ्या, कंद, हे सारे त्यात येते. इमारती लाकूड त्यात येत नाही.

चौथा मायनर मातीत. 'मायनर मिनरल'. मराठीत 'गौण खनिज'. रेती, मुरूम, बांधकामाचा दगड, साधी माती, हे त्यात येते. कोळसा आणि लोखंडाचा दगड त्यात येत नाही. ती मोठी खनिजे.

पाचवा मायनर खाणीत. खाणीत काम करणाऱ्या मजुराला इंग्रजीत 'मायनर' म्हणतात. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरीकडे कोळशाच्या खाणी आहेत. एटापल्ली तालुक्यात सुरजागडला लोखंडाच्या दगडाची खाण आहे. तेथे हा शब्द कानी पडेल.

पहिले चार मायनर एकाच कुळातले. चौघांच्या पोटात 'लहान' हा अर्थ आहे. पाचवा परक्या कुळातला. तो 'माइन' म्हणजे खाण, या शब्दातून निघाला. इंग्रजीत दोन्ही लिहिताना अक्षर बदलते. पहिल्यात एम, आय, एन यांच्या पुढे 'ओ' येतो आणि मग आर. खाणमजुराच्या शब्दात 'ओ'च्या जागी 'ई' येते. मोठा 'ओ' बांगडीसारखा गोल असतो. मोठी 'ई' तीन दातांच्या फणीसारखी असते. इंग्रजी येत नसले तरी बांगडी आणि फणी ओळखता येतेच की!

'माइन' शब्दाचेही तीन अर्थ आहेत. माइन म्हणजे खाण. माइन म्हणजे जमिनीत पुरलेला सुरुंग. आणि इंग्रजीत 'माझे' असे म्हणायचे असले तरी माइन. खाण कोणाची आणि माझे काय, हा प्रश्न तर आपल्या भागात नेहमीचाच आहे.

आता मायनर शब्दावर इतका वेळ का घालवला ते सांगतो. १९९६ साली अनुसूचित क्षेत्रासाठी पंचायतींचा कायदा झाला. त्याला 'पेसा' म्हणतात. पेसा म्हणजे पैसा नव्हे. कायद्याच्या इंग्रजी नावातली पहिली अक्षरे जोडून तो शब्द झाला आहे. या एका कायद्यात मायनर हा शब्द तीन गोष्टींना लागला आहे आणि तिन्हींचा अधिकार निरनिराळा आहे.

लहान तळी, बोड्या यांना लागला, तेथे नियोजन आणि देखभाल पंचायतीकडे.

गौण खनिजाला लागला, तेथे खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पंचायतीची शिफारस हवीच.

गौण वनोपजाला लागला, तेथे ग्रामसभेला आणि पंचायतीला मालकीचा अधिकार.

पाहा. एके ठिकाणी देखभाल, दुसऱ्या ठिकाणी शिफारस, तिसऱ्या ठिकाणी मालकी. मायनर कोणता ते कळले नाही, तर आपण मालक आहोत की नुसते शिफारस करणारे, हेही कळणार नाही.

समजा, एका गावात ग्रामसभा भरली आहे. उन्हाळ्याचे दिवस आहेत. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आहे. बाहेरून एक गृहस्थ कागद घेऊन येतो आणि घाईने म्हणतो, "मायनरचा ठराव पाहिजे. सर्वांनी सह्या करा. उशीर झाला तर हंगाम जाईल."

लोकांच्या मनात तेंदूपत्ता. मायनर म्हटले की त्यांना वनोपज आठवते. चार जण सह्या करायला उठतात. तेवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी विचारते, "थांबा जी भाऊ. कोणता मायनर हाय हा? झाडावरचा का जमिनीतला?"

गृहस्थ म्हणतो, "आजी, तुम्हाला त्यातले काय कळते? मायनर म्हणजे मायनर."

म्हातारी म्हणते, "मले नाई कळत, म्हणून तर पुसतो. वाच ना बापा पूर्ण, मराठीत."

मग कागद मोठ्याने वाचला जातो. त्यात गावाजवळच्या टेकडीचा मुरूम काढू देण्याची शिफारस असते. तेंदूपत्त्याचा त्यात एक शब्दही नसतो.

आता मुरूम द्यायचा की नाही, हा गावाचा विचार. रस्त्याला मुरूम लागतोच. गाव होही म्हणेल, नाहीही म्हणेल. पण तेंदूपत्ता समजून मुरमावर सही होता कामा नये. त्या आजीला इंग्रजी येत नव्हते. 'कोणता?' हा एक शब्द मात्र तिच्याजवळ होता. तेवढ्याने काम झाले.

आणखी एक सांगून ठेवतो. 'गौण' म्हणजे लहान, म्हणून मोलाने लहान असे समजू नका. आपल्याकडे वर्षाचे रोख पैसे तेंदू आणि बांबू यांतूनच येतात. नाव गौण, पण चूल त्यावर पेटते.

'पास' कोणता?

'पास' हा दुसरा शब्द. पोरगा दहावी पास झाला. ठराव पास झाला. एस.टी.चा पास काढला. मराठीत 'गावापास' म्हणजे गावाजवळ. आणि जंगलातला माल गाडीने बाहेर न्यायचा तर जो परवाना लागतो, तोही पास. कचेरीत त्याला 'टी.पी.' म्हणतात. मराठीत 'वाहतूक परवाना'.

'पासबुक' म्हटले की आपल्याला बँकेचे पुस्तक आठवते. पण अशा परवान्यांचे कोरे पुस्तक असते, तेही पासबुकच. या दुसऱ्या पुस्तकासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाला झगडावे लागले. ती हकीकत ऐका.

धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहान गाव आहे. नावातला लेखा म्हणजे हिशेब नव्हे, ते शेजारच्या गावाचे नाव. वनहक्काचा कायदा २००६ चा. त्या कायद्याप्रमाणे मेंढा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू हा गौण वनोपजात स्पष्ट लिहिला आहे. म्हणजे हक्क पास झाला. पण माल न्यायचा पास कोठे होता? तो देण्याचा अधिकार जंगलखात्याकडेच होता. १९२७ च्या वनकायद्याच्या व्याख्येत बांबू 'झाड' या शब्दात घातला होता. २००६ च्या कायद्यात तोच बांबू वनोपज. एकाच बांबूला दोन कागदांवर दोन नावे! बांबू गावाचा, पण गाडीत भरून विकायला नेता येत नाही, अशी अवस्था झाली.

गाव मागे हटले नाही. बैठका झाल्या, अर्ज झाले, पत्रव्यवहार झाला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे ६ सप्टेंबर २०१२ रोजी वनहक्काचे नियम सुधारले. गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाने द्यावा, असे त्यात लिहिले आहे.

यातून काय घ्यायचे? कोणी म्हणाले, "तुमचे पास झाले," तर लगेच पेढे वाटू नका. विचारा, "दावा पास झाला, की माल न्यायचा पास मिळाला?" या दोन गोष्टींत मेंढ्याची दोन वर्षे गेली.

डोक्यावरची चंद्रकोर

आता डोळे नीट उघडा. मराठीत इंग्रजी शब्द लिहिताना कान्यावर चंद्रकोर काढतात. ती कोर विसरली की शब्द बदलतो.

'फॉर्म' म्हणजे अर्जाचा छापील नमुना. 'फार्म' म्हणजे शेत.

'हॉल' म्हणजे मोठी खोली. 'हाल' म्हणजे कष्ट.

'लॉट' म्हणजे लिलावात एकत्र विकलेला माल. 'लाट' म्हणजे पाण्याची लाट.

'बॉल' म्हणजे चेंडू. 'बाल' म्हणजे मूल.

अर्जाच्या वरच्या कोपऱ्यातले अक्षरही पाहा. वनहक्काच्या दाव्याचे नमुने तीन आहेत. नमुना 'अ' हा एका कुटुंबाच्या कसत्या जमिनीसाठी. नमुना 'ब' हा गावाच्या सामूहिक हक्कांसाठी. नमुना 'क' हा गावाने राखायच्या आणि वापरायच्या जंगलासाठी. बोलताना सगळे नुसते "फॉर्म भरला" म्हणतात. कोणता भरला? अ भरला आणि वाट पाहिली क ची, तर जंगल कसे मिळेल?

अक्षरांची अदलाबदल

मोठ्या नावाची पहिली अक्षरेच बोलायची, अशी कचेरीची रीत आहे. त्यातही घोटाळा होतो.

'आय.एफ.आर.' म्हणजे वैयक्तिक वनहक्क. 'एफ.आय.आर.' म्हणजे पोलीस ठाण्यात नोंदलेली पहिली खबर. दोन अक्षरांची जागा बदलली, तर जमिनीच्या हक्काची फौजदारी झाली! तुमचे नाव आय.एफ.आर. च्या यादीत आहे असे कोणी सांगितले तर भिऊ नका. आणि एफ.आय.आर. मध्ये आहे असे सांगितले तर दुर्लक्ष करू नका.

'सी.एफ.आर.' चे तर कचेरीतच दोन अर्थ चालतात. एक, सामूहिक वनहक्क. दुसरा, सामूहिक वनसंसाधन, म्हणजे गावाने राखायचे जंगल. म्हणून पूर्ण शब्द विचारावा.

दवाखान्यातही अक्षरे जपून वाचा. आपल्या भागात 'सिकलसेल' हा रक्ताचा आजार आहे. सिकल म्हणजे विळा. सेल म्हणजे पेशी. बॅटरीत घालतो तो सेल नव्हे, दुकानात लागतो तो सेलही नव्हे. रक्तातल्या गोल पेशी या आजारात विळ्यासारख्या वाकड्या होतात, म्हणून हे नाव. हा आजार आईबापांकडून येतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही.

तपासणीच्या कागदावर दोन अक्षरे असतात. 'ए.एस.' लिहिले असेल तर तो माणूस वाहक. त्याला स्वतःला बहुधा त्रास नसतो. 'एस.एस.' लिहिले असेल तर तो रुग्ण. त्याला नेमाने औषध आणि तपासणी हवी. 'ए.एस.' आणि 'एस.एस.' भरभर बोलले तर कानाला जवळजवळ सारखेच. म्हणून कागद डोळ्यांनी वाचा. नवराबायको दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्न जुळवताना जशी घरदाराची चौकशी करता, तशी या दोन अक्षरांची करा.

येथेच आणखी एक शब्द. 'पॉझिटिव्ह'. बोलण्यात त्याचा अर्थ चांगला, होकाराचा. तपासणीत त्याचा अर्थ, जे शोधत होतो ते सापडले. सिकलसेलच्या पहिल्या सोप्या तपासणीत पॉझिटिव्ह आले, तर वाहक की रुग्ण ते त्यावरून ठरत नाही. दुसरी तपासणी करावी लागते. ती केल्याशिवाय घरी परतू नका.

'सर्च' हा शब्दही तसाच. इंग्रजीत सर्च म्हणजे शोध. गडचिरोलीत सर्च म्हटले की शोधग्रामचा दवाखाना आठवतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी काढलेल्या संस्थेचे ते नाव. पण 'सर्च वॉरंट' म्हणजे घराच्या झडतीचा हुकूम. एका ठिकाणी आपण जातो, दुसरा आपल्या घरी येतो!

लहान शब्द, मोठा हिशेब

आणखी चार शब्द घेऊ आणि थांबू.

'फाइन' म्हणजे छान. आणि फाइन म्हणजे दंड. "फाइन आहे" म्हटले तर हसा. "फाइन भरा" म्हटले तर पावती मागा.

'बेल' म्हणजे महादेवाला वाहायचे पान. बेल म्हणजे घंटा. आणि कोर्टात बेल म्हणजे जामीन. "बेल झाली" म्हणजे माणूस सुटून घरी आला, एवढेच. खटला संपला असे नव्हे. पुढच्या तारखेला हजर राहावेच लागते. बेल म्हणजे निर्दोष, असे समजून घरी बसाल, तर तुमच्या नावाने वॉरंट निघेल. आणि दुसऱ्याच्या बेलसाठी सही करणारा जामीनदार होतो. आरोपी पळाला तर त्याच्या पैशाचा जाब जामीनदाराला द्यावा लागतो.

'चेक' म्हणजे बँकेत वटवायचा कागद. चेक म्हणजे तपासणी. लुगड्याची चौकट, तीही चेक. "तुमचा चेक झाला" म्हणजे पैसे आले की नुसती तपासणी झाली, ते विचारून घ्या.

'आर' म्हणजे बैलाच्या पराणीचे लोखंडी टोक. सातबाऱ्यावर आणि वनहक्काच्या पट्ट्यावर मात्र आर हे जमिनीचे माप. १०० आर म्हणजे १ हेक्टर. साधारण ४० आर म्हणजे १ एकर. पट्ट्यावर '०.८० हेक्टर' लिहिले असेल, तर ती ८० आर जमीन झाली, म्हणजे सुमारे २ एकर. आठ हेक्टर नव्हे. वनहक्काच्या कायद्यात एका कुटुंबाला कसती जमीन जास्तीत जास्त ४ हेक्टर मिळू शकते. तुम्ही ३ एकर कसता आणि पट्ट्यावर ०.४० लिहिले असेल, तर दोन एकर कागदावरून गेले समजा. ताबडतोब विचारा.

सहीच्या आधी चार गोष्टी

सगळे शब्द पाठ कोणालाच होत नाहीत. पाठ करायचीही गरज नाही. चार सवयी लावून घ्या.

पहिली. शब्द एकटा घेऊ नका. शेजारचा शब्द पाहा. मायनरच्या पुढे 'मिनरल' आहे की 'फॉरेस्ट'? फाइनच्या पुढे 'आहे' आहे की 'भरा'?

दुसरी. अक्षर पाहा. डोक्यावर कोर आहे का? दशांशाचा ठिपका कोठे आहे? एस आधी की ए?

तिसरी. "याला मराठीत काय म्हणतात?" असे विचारा. मराठी ही या राज्याच्या कारभाराची भाषा आहे. अर्थ विचारण्यात लाज नाही आणि उपकारही नाही. गोंडी किंवा माडिया बोलणारे कोणी असतील, तर त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. मगच पुढे चला.

चौथी. सगळे रकाने भरल्याशिवाय सही करू नका. वनहक्काच्या ग्रामसभेला कोरम लागतो. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया हव्यात. कोरम पुरा करा, पण कोऱ्यावर सही करू नका. कोरम आणि कोरा, हेही कानाला जवळचेच!

कोणी म्हणेल, "एवढे विचारले तर साहेब रागावतील." रागावोत. साहेबांचा राग संध्याकाळी निवतो. कागदावरची सही निवत नाही.

वाचा आणि सांगा

खालची वाक्ये मोठ्याने वाचा. जाड आवाजात वाचायचा शब्द अवतरणात दिला आहे. त्याचा अर्थ शेजाऱ्याला सांगा.

१. "बांबूची गाडी नाक्यावर अडली, कारण 'पास' नव्हता."

२. "ग्रामसभेत ठराव 'पास' झाला."

३. "जमीन 'मायनर'च्या नावाने आहे, म्हणून काका सांभाळतो."

४. "'मायनर'चे दार उघडले, आता धानाला पाणी मिळेल."

५. "कोर्टात 'बेल' मिळाली, पुढची तारीख सोमवारी आहे."

६. "पट्ट्यावर १ हेक्टर २० 'आर' लिहिले आहे." ही जमीन किती एकर झाली?

उत्तरे : १. वाहतूक परवाना. २. मंजूर. ३. अठरा वर्षांखालचे मूल. ४. लहान कालवा. ५. जामीन. ६. १२० आर, म्हणजे सुमारे ३ एकर.

आता एक काम घरचे. वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात कचेरीत, दवाखान्यात, बाजारात ऐकलेला इंग्रजी शब्द लिहा. दुसऱ्यात त्याचा मराठी अर्थ विचारून लिहा. रोज एक शब्द पुरे. तेंदूचा हंगाम येईपर्यंत वही भरत जाईल. ग्रामसभेला जाताना ती वही बरोबर न्या आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला त्यातला शब्द वाचून दाखवा.